तक्रारीला उत्तर

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या ठिकाणी भेटतो. मैफलीत गवयाने एखादी जागा सुंदर घेतली की श्रोता दाद देतो. आणि अन्याय झाला की माणूस दाद मागतो. शब्द फारसीतला, आणि तिथे त्याचा अर्थ न्याय. दोन्ही वापरांत एक गोष्ट समान आहे. ऐकणारा असल्याशिवाय दादेला अर्थ नाही. म्हणून जो ऐकतच नाही तो ‘दाद देत नाही’, आणि जिथे कोणीच ऐकणारा उरलेला नाही त्या कारभाराला आपण ‘ना दाद ना फिर्याद’ म्हणतो. यातली फिर्यादही फारसीच. तिचा अर्थ हाक, आक्रोश. आपल्याकडे फिर्याद पोलीस ठाण्यात दाखल होते, तिला क्रमांक मिळतो, खाली सही किंवा अंगठा घेतला जातो. आक्रोशाचा असा कागद होणे ही माणसाच्या सामाजिक जीवनातली मोठी कमाई आहे. ज्याचा आवाज मोठा नाही त्याचेही म्हणणे कागदावर उतरले की शिल्लक राहते.

ही व्यवस्था अडखळते ती फिर्याद लिहून घेणाऱ्याविरुद्धच फिर्याद असते तेव्हा. ज्याच्या हातात लेखणी आहे त्याच्याच वागण्याबद्दल बोलायचे आहे, आणि तो म्हणतो, ‘बोला, लिहून घेतो.’ स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व फार जुने आहे आणि त्याला उघड विरोध करणारा मनुष्य मी पाहिलेला नाही. तरीही पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या बाबतीत ते रोज मोडले जाते आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नाही. असे का होते, हा एक प्रश्न आहे. त्याच्या मागे दुसरा आणि मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा की, तक्रार करणाऱ्या नागरिकाचे राज्याकडे नेमके काय येणे असते? शिक्षा, माफी, भरपाई की आणखी काही?

पोलिसांविरुद्धची तक्रार इतर खात्यांविरुद्धच्या तक्रारीसारखी नसते. विजेचे बिल चुकीचे आले तर मीटर दाखवता येतो, रेशन कमी मिळाले तर पिशवी पुन्हा तोलता येते. पोलीस ठाण्यात मीटरही पोलिसांचा आणि तराजूही त्यांचाच. माणसाला किती वाजता आणले, कोणी आणले, तेव्हा त्याच्या अंगावर जखमा होत्या की नव्हत्या, त्याने जबाब स्वखुशीने दिला की नाही, हे सारे स्टेशन डायरीत आणि पंचनाम्यात लिहितात ते पोलीसच. वैद्यकीय तपासणीला नेतो तोही शिपाईच, आणि डॉक्टर ‘काही त्रास?’ असे विचारतात तेव्हा तो बहुधा शेजारीच उभा असतो. घटनेची पहिली आणि पुष्कळदा एकमेव नोंद त्यांची असते. त्यामुळे तक्रारदाराला एका माणसाशी भांडायचे नसते. राज्याने आधीच ‘खरे’ म्हणून लिहून ठेवलेल्या हकीकतीशी त्याला भांडायचे असते, आणि त्याच्याजवळ बहुतेक वेळा स्वतःच्या शब्दापलीकडे काही नसते.

या पेचातून आपल्या समाजाने आजवर दोन वाटा काढल्या. दोन्ही आपल्या इतिहासात ठळकपणे दिसतात.

पहिली वाट पुण्याची. घाशीराम कोतवाल मराठी नाटकामुळे देशभर ठाऊक झाला, पण विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकाआधी तो इतिहासात होता. सवाई माधवरावांच्या काळात तो पुण्याचा कोतवाल होता, म्हणजे शहराचा पोलीस कारभार त्याच्या हाती होता. १७९१ च्या ऑगस्टच्या अखेरीस दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या आळावरून एका कोंदट जागेत डांबण्यात आले आणि त्यांतले अनेक जण गुदमरून मेले. शहर खवळले. जमाव वाड्यावर गेला. कारभाऱ्यांनी प्रथम चालढकल केली. जमाव हटेना, तेव्हा कोतवाल लोकांच्या हवाली झाला आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

या घटनेकडे आपण न्याय मिळाल्याची गोष्ट म्हणून पाहू शकतो, आणि बरेच जण पाहतात. पण त्या दिवशी काय झाले नाही, तेही पाहावे. कोतवाली इतकी वर्षे कशी चालली होती, माणसे डांबण्याचा अधिकार कोणत्या हुकमाने आणि कोणाच्या आशीर्वादाने वापरला जात होता, आधी कोणी गाऱ्हाणे घातले होते का, ते कोणाकडे अडले, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या दगडांनी उत्तर दिले नाही. उलट ते प्रश्न त्या दगडांखाली गाडले गेले. ज्यांनी कोतवाल नेमला त्यांच्या अंगावर चरा उठला नाही. शिवाय मेलेले लोक ब्राह्मण होते आणि शहरात त्यांच्यासाठी वाड्यावर जाणारा मोठा समूह होता, म्हणून हे तरी घडले. त्याच कोतवालीत एखादा भटका, एखादी कुणबीण, एखादा महार मेला असता तर जमाव जमला असता का, याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी वाट मद्रासची. १८५४ मध्ये कंपनी सरकारने मद्रास इलाख्यातल्या छळाच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी तीन जणांचा आयोग नेमला. सारा वसूल करताना आणि गुन्हा कबूल करवून घेताना रयतेला हाल हाल करून पिळतात, अशी ओरड विलायतेत पोचली होती. आयोगाने लोकांना तक्रारी घेऊन येण्याचे आवाहन केले. ५१९ माणसे स्वतः हजर झाली आणि १,४४० जणांनी पत्रे पाठवली. एकूण १,९५९ तक्रारी. १८५५ मध्ये अहवाल आला. छळ होतो, हे आयोगाने मान्य केले. पण आयोगाच्या सदस्यांनी असेही नोंदवले की, छळ आहे या खात्रीहूनही त्यांना अधिक क्लेश झाला तो छळ झालेल्याला दाद मिळवणे किती अवघड आहे हे पाहून. कार्ल मार्क्सने १८५७ मध्ये अमेरिकेतल्या वृत्तपत्रात या अहवालावर लिहिले तेव्हा त्यानेही नेमके याच जागेवर बोट ठेवले.

आयोगाने दिलेली कारणे आज वाचताना माणूस थबकतो. कलेक्टरच्या कचेरीपर्यंत जायचे तर प्रवासाचा खर्च, बुडणारी मजुरी. तिथे अर्ज दिला तर भीती अशी की नेहमीचा शेरा मारून तो चौकशीसाठी तहसीलदाराकडे परत पाठवला जाईल. त्या काळी तहसीलदार महसूलही पाहत असे आणि पोलीसही. म्हणजे ज्याने स्वतः किंवा ज्याच्या शिपायांनी मारले, अर्ज जाणार त्याच्याच हातात. रयत अर्ज करत नव्हती त्याचे कारण तिला अन्याय कळत नव्हता हे नव्हे. अर्ज कुठे जातो, हे तिला चांगले कळत होते.

अहवालानंतर पोलीस आणि महसूल वेगळे झाले, १८६१ चा पोलीस कायदा आला. शेरा मात्र राहिला. पुढे १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यातले चित्रही या जिन्याचेच आहे. वर ऐषआरामात गुंतलेला गोरा अंमलदार, खाली सारा कारभार मुठीत घेतलेले कामगार, आणि त्यांच्याही खाली शेतकरी, ज्याचे म्हणणे वर पोचते ते खालच्यांच्याच तोंडून.

आजही एखादा अर्ज पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात दिला की त्याला आवक क्रमांक पडतो आणि तो खाली निघतो. उपविभागाकडे जातो, तिथून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ ठाण्याकडे. काही दिवसांनी अर्जदाराला फोन येतो, ‘जबाबासाठी या.’ बोलावणारे ठाणे पुष्कळदा तेच असते, किंवा शेजारचे, जिथला अधिकारी पूर्वी या ठाण्यात होता आणि उद्या पुन्हा असू शकतो. बाकावर बसवून ठेवले जाते. कोणीतरी सज्जनपणे विचारते, ‘तुम्हाला हे खरंच पुढे न्यायचंय का? आमच्याकडेच यायचंय ना शेवटी?’ यात धमकी असतेच असे नाही. कधी खरोखरचा सल्लाही असतो. शेवटी एक अहवाल तयार होतो. त्यातले वाक्य सरकारी मराठी वाचणाऱ्या कोणालाही पाठ असेल: अर्जात तथ्य आढळून येत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात यावा.

‘दप्तरी दाखल’ हा शब्दप्रयोग मला फार बोलका वाटतो. दाखल होणे म्हणजे आत जाणे. फिर्याद दाखल होते तेव्हा तिचा प्रवास सुरू होतो. अर्ज दप्तरी दाखल होतो तेव्हा त्याचा प्रवास संपतो. आणि ‘तथ्य आढळून येत नाही’ या वाक्याला कर्ता नाही. कोणाला आढळले नाही, त्याने कुठे शोधले, कोणाला विचारले, कोणाला विचारले नाही, यातले काहीही ते वाक्य सांगत नाही. खोलीत चार माणसे होती. तिघे गणवेशात आणि एक जमिनीवर. तिघांनी सांगितले, काही झाले नाही. मग तथ्य कुठून आढळणार? चौकशी करणारा अधिकारी प्रामाणिक असला तरी ज्या कागदांवर त्याला विसंबायचे आहे ते कागद त्या तिघांनीच लिहिलेले असतात.

पुण्याच्या वाटेवर माणूस बळी दिला जातो, मद्रासच्या वाटेवर कागद पुरला जातो. वरवर पाहता या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. प्रत्यक्षात त्या एकाच कारभाराच्या दोन सवयी आहेत आणि आपण आजही एकीवरून दुसरीवर जात असतो. आवाज लहान असेल तर अर्ज दप्तरी दाखल होतो. आवाज मोठा झाला, दूरदर्शनवर आला, रास्ता रोको झाला, की त्याच संध्याकाळी दोन शिपाई निलंबित होतात. निलंबन ही शिक्षा नाही, ती चौकशीपूर्वीची व्यवस्था आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही ती बातमी ‘कारवाई झाली’ म्हणून छापली जाते आणि जमाव पांगतो. दोन्ही प्रकारांत तक्रार ‘निकाली’ निघते. उत्तर मात्र कोणालाच मिळत नाही, ना तक्रारदाराला, ना निलंबित शिपायाला.

तिसरी वाट कोणालाच सुचली नाही असे नाही. आणीबाणीनंतर नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी कशी व्हावी, याचा विचार केला. कोठडीतला मृत्यू, बलात्कार, गंभीर दुखापत अशा प्रकरणांत न्यायिक चौकशी सक्तीची करावी, असे त्याने सुचवले. पुढे १९९६ मध्ये प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. याचिका करणारा माणूस आयुष्यभर गणवेशात वावरलेला होता, ही गोष्ट विसरू नये. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने निकाल दिला आणि सात निर्देशांपैकी एक म्हणून राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करायला सांगितले. राज्य पातळीवर निवृत्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीश प्रमुख असावा, आणि प्राधिकरणाची शिफारस संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक असावी, असे त्यात होते.

राज्यांनी काय केले? काहींनी कायदे केले, काहींनी नुसते आदेश काढले. अनेकांनी ‘बंधनकारक’ हा शब्द मवाळ केला, पोलीस अधिकाऱ्यांना प्राधिकरणात जागा दिली, नेमणुका रखडवल्या, कर्मचारी दिले नाहीत. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने राज्य आणि विभाग अशा दोन पातळ्यांवर प्राधिकरणे आणली, जिल्ह्याऐवजी विभाग. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसासाठी या एका शब्दाचा अर्थ किती किलोमीटर आणि किती दिवसांची मजुरी, हे मद्रासच्या त्या तीन सदस्यांनी लगेच ओळखले असते.

तरीही मी हे सारे अपयश म्हणून गुंडाळून ठेवायला तयार नाही. स्वतंत्र चौकशी म्हणजे काय, हे मोठमोठ्या शब्दांपेक्षा एका घटनेतून लवकर कळते. जून २०२० मध्ये तामिळनाडूतल्या सात्तानकुळम या गावी टाळेबंदीच्या वेळेवरून झालेल्या वादात मोबाइलचे दुकान चालवणारा एक तरुण आणि त्याचे वडील यांना पोलिसांनी ठाण्यात नेले. चार दिवसांत दोघेही मेले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना चौकशीला पाठवले. ठाण्यात त्यांच्याशीच उर्मटपणे वागण्यात आले. सीसीटीव्हीचे चित्रण पाहायला गेल्यावर कळले की, साठवणुकीला जागा असूनही यंत्र रोजचे चित्रण आपोआप पुसून टाकेल अशी योजना करून ठेवली होती. तेव्हा न्यायालयाने एक असाधारण गोष्ट केली. ते पोलीस ठाणेच महसूल खात्याच्या ताब्यात द्यायला सांगितले, म्हणजे आतले पुरावे आणि कागद सुरक्षित राहतील.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याच प्रदेशात महसुलाच्या हातून पोलीस काढून घ्यावे लागले होते. इथे पोलिसांच्या हातून ठाणे काढून महसुलाकडे द्यावे लागले. यातून कोणते खाते चांगले हे ठरत नाही. ठरते ते एवढेच की, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हातून नोंद काढून घेतल्याशिवाय चौकशी सुरूच होत नाही. त्या ठाण्यातल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने रात्रभर काय चालले होते ते न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितले. बाहेर सहकारी उभे होते आणि ती घाबरलेली होती. तरी ती बोलली. असे लोक प्रत्येक ठाण्यात असतात, असे मी धरून चालतो. ते बोलत नाहीत, कारण बोलायचे कोणाजवळ, हे त्यांनाही ठाऊक नसते. समोर न्यायदंडाधिकारी बसले, तेव्हा ती बोलू शकली. स्वतंत्र यंत्रणेची गरज आपण नेहमी पीडिताच्या बाजूने मांडतो. गणवेशातल्या सज्जनालाही तिची तितकीच गरज असते.

इथे पोलिसांची बाजू आस्थेने ऐकायला हवी. ती ऐकली नाही तर हा लेखही एक प्रकारचा एकतर्फी जबाब ठरेल. पोलीस सांगतात की, खोट्या तक्रारी होतात. सराईत गुन्हेगार अटक झाली की आधी मारहाणीचा अर्ज देतो. राजकीय माणूस नको असलेला अधिकारी हटवण्यासाठी कोणालातरी पुढे करतो. प्रत्येक अर्जाची टांगती तलवार डोक्यावर असली तर शिपाई दंगलीत पुढे जाणार नाही. हे सारे खरे आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक जण काढतात त्याच्या उलट आहे. खोटी तक्रार खोटी होती, हे कोणाच्या तोंडून ऐकल्यावर लोकांना पटेल? सहकाऱ्याने दिलेल्या निर्दोषत्वाला बाजारात किंमत नसते. ज्या अधिकाऱ्यावर खोटा आळ आला त्याला त्याच्याच खात्याने ‘तथ्य आढळून येत नाही’ असा दाखला दिला, तर गावाच्या नजरेत तो आयुष्यभर ‘सुटलेला’ राहतो, निर्दोष ठरत नाही. खरोखर निष्कलंक ठरवू शकेल अशी चौकशी नसणे हा प्रामाणिक पोलिसावरचाही अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट. १९७९ च्या त्या पहिल्या अहवालात तक्रारींच्या चौकशीइतकाच विचार शिपायांच्या राहणीमानाचा आणि कामाच्या तासांचा केलेला आहे. दोन विषय एका पुस्तकात यावेत हे मला योग्य वाटते. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर बंधने आहेत. बारा-चौदा तास बंदोबस्त करणाऱ्या, सणाला घरी न जाणाऱ्या, वरिष्ठाची शिवी मुकाट गिळणाऱ्या शिपायाला गाऱ्हाणे मांडायची जी जागा आहे ती त्याच वरिष्ठाची केबिन. त्याचाही अर्ज जिन्यावरून खालीच येतो. ज्याने आयुष्यभर आपली तक्रार गिळली, त्याला दुसऱ्याची तक्रार हा उद्धटपणा वाटू लागतो. यात मारहाणीचे समर्थन नाही. पण ठाण्यात नागरिकाला मिळणारी वागणूक आणि ठाण्याच्या आत शिपायाला मिळणारी वागणूक या एकाच कापडाच्या दोन बाजू आहेत, एवढे दिसते.

मग शब्दाच्या किमतीचा प्रश्न येतो. इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये एक विचार मांडला: माणूस कोण आहे यावरून त्याच्या सांगण्याची किंमत आधीच कमी धरली जाते, तेव्हा त्याच्यावर ज्ञानाच्या पातळीवर अन्याय होतो, जाणणारा म्हणून त्याचे स्थानच नाकारले जाते. आपल्याला हे समजायला दूर जावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. कायदा १९५२ मध्ये गेला. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले आणि त्यातून वाचकांना कळले की पोलिसांच्या धाडी गेल्या नव्हत्या. अशा वस्तीतल्या माणसाने ‘मला मारले’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘कोणी मारले?’ हा नसतो, ‘तू काय केले होतेस?’ हा असतो. चौकशी सुरू होण्याआधीच तिची दिशा फिरलेली असते, आणि ती फिरवायला कोणत्याही कलमाची गरज पडत नाही. ती फिरवतो आपण.

हा ‘आपण’ या विषयात फार अडचणीचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका अमानुष बलात्कार आणि हत्येच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मे २०२२ मध्ये उघड झालेल्या अहवालाने निष्कर्ष काढला की, गोळीबार आरोपींना ठार करण्याच्या हेतूनेच केला गेला होता. फुले उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल वाचला असेल? १७९१ मध्ये दगड मारणारे आणि २०१९ मध्ये फुले टाकणारे हात एकाच इच्छेने उचलले गेले होते. चौकशी नको, सोक्षमोक्ष हवा. पोलिसांनी कायदा मोडावा, पण आपल्या बाजूने मोडावा, अशी ज्या समाजाची इच्छा असते त्या समाजात तक्रार यंत्रणा दुबळी राहते, कारण तिला बळ देण्याची मागणी मनापासून कोणीच करत नाही. ती मागणी आपल्या घरातल्या कोणाला ठाण्यात नेले की मगच आठवते.

तर तक्रारदाराचे राज्याकडे काय येणे असते? माझ्या मते उत्तर. शिक्षा व्हायची की नाही हे पुराव्यावर ठरेल आणि पुष्कळदा पुरावा पुरेसा नसेलही. भरपाई कधी मिळेल, कधी नाही. पण उत्तर हे प्रत्येक तक्रारीचे न टळणारे देणे आहे. उत्तर म्हणजे सहीनिशी, कारणांसह लिहिलेले, तक्रारदाराला समजेल अशा भाषेतले आणि ज्याला आव्हान देता येईल असे निवेदन. आम्ही या लोकांना विचारले, हे चित्रण पाहिले, ही नोंद तपासली, यावरून आम्हाला असे वाटते. तक्रार फेटाळणारेही उत्तर असू शकते, आणि ते प्रामाणिक असेल तर माणूस ते पचवू शकतो. माणसाला पचत नाही ते कर्ता नसलेले वाक्य.

ओडिशातल्या एका आईच्या पत्राची हकीकत या संदर्भात मला महत्त्वाची वाटते. तिच्या बावीस वर्षांच्या मुलाला १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी घरातून नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. पोलिसांची नोंद सांगत होती की, तो बांधलेला दोर चावून पहाटे तीनच्या सुमारास पळाला आणि गाडीखाली सापडला. तिने सप्टेंबर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि सुंदरगडच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. पोलिसांनी लिहिलेली नोंद बाजूला ठेवून जखमांकडे पाहायला सांगणारी ही चौकशी होती. १९९३ च्या मार्चमध्ये निकाल आला. मृत्यू कोठडीतल्या मारहाणीने झाला, असे न्यायालयाने म्हटले, दीड लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितली आणि मूलभूत हक्क मोडला असता राज्य आपल्या सार्वभौमत्वाच्या आड लपू शकत नाही, हे स्पष्ट केले. दीड लाखाने मुलगा परत येत नाही. पण ‘तो पळाला आणि मेला’ हे वाक्य राज्याच्याच एका हाताने राज्याच्या दुसऱ्या हाताने लिहिलेल्या कागदावरून खोडले. त्या आईला आणि तिच्या गावाला त्या खोडण्याची किंमत काय असेल, हे रुपयांत मांडता येणार नाही. उत्तर यायला साडेचार वर्षे लागली. सर्वोच्च न्यायालयाने ते द्यावे लागले, हे आपल्या बाकीच्या जिन्याबद्दल पुरेसे सांगते.

पोलिसांविरुद्ध तक्रार करणारा माणूस राज्याचा शत्रू आहे, अशी एक समजूत ठाण्यांत आणि ठाण्यांबाहेरही असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्याचा राज्यावर विश्वास उरलेला नाही तो अर्ज करत नाही. तो गप्प बसतो, गाव सोडतो, लाच देऊन मोकळा होतो किंवा दगड उचलतो. अर्ज करणारा अजून मानतो की हा हात चुकला तरी धड शाबूत आहे, कोणीतरी वाचेल. आपल्याकडे असा अर्ज ‘आपला विश्वासू’ या शब्दांनी संपतो. शाळेत शिकवलेला शिरस्ता म्हणून आपण ते शब्द लिहितो आणि वाचणारा त्यावर नजरही ठरवत नाही. पण मार खाल्लेला माणूस तेच शब्द पोलीस अधीक्षकांच्या नावाने लिहितो आणि खाली सही करतो, तेव्हा तो त्या कार्यालयाला काहीतरी उसने देत असतो. दप्तरी दाखल झालेल्या प्रत्येक अर्जाबरोबर ते उसने बुडते, आणि त्याची नोंद कोणत्याही आवक रजिस्टरात होत नाही.